डीपीपासून मिक्सरपर्यंत

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा सुरू होते आणि पुढं कितीतरी दिवस मुरबाड तालुक्यातलं हे गाव माणसांनी आणि जनावरांनी भरून जातं. खांबलिंगेश्वर म्हसोबाचं दर्शन घ्यायचं, घोंगडी घ्यायची, विळा-कोयता घ्यायचा आणि ऐपत असेल तर बैलजोडी बघायची, हा इथला जुना क्रम. बैल घेणारा जाणता माणूस आल्याआल्या किमतीचं बोलत नाही. दात बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, “आजवर कुठं जुंपलाय?” जनावराची अर्धी कथा त्या उत्तरातून कळते.

या भागातला घरगुती यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्रीसुद्धा नेमकं हेच करतो. टेबलावर मिक्सर आला की तो लगेच पेचकस उचलत नाही. “कुठल्या पॉइंटला लावला होता? तेव्हा लाईट कशी होती? शेजारी कुणाचं काही गेलं का?” असं विचारतो. पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला हे प्रश्न नसत्या चौकशा वाटतात. मिक्सर बिघडलाय, शेजाऱ्यांचं काय मध्येच? पण दुरुस्तीची खरी विद्या या प्रश्नांत आहे. गावातल्या बऱ्याच बिघाडांचा उगम यंत्राच्या बाहेर असतो: तारेत, खांबावर, डीपीत (गावाला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपाशी), भिंतीच्या ओलीत, घरातल्या उंदरांत. जळलेलं यंत्र हा पुरावा असतो. कारण शोधायला यंत्राच्या वायरीमागं चालत जावं लागतं.

तक्रारीची भाषा

गिऱ्हाईक तांत्रिक बोलत नाही, पण नीट ऐकलं तर त्याच्या तक्रारीत निदान दडलेलं असतं.

“दादा, मिक्सर घुमतो पण फिरत नाही.” म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोचते आहे आणि अडचण फिरण्यात आहे. जारचा बुश जाम झालाय, की वाटण फार घट्ट झालंय, की मोटारीचा बेअरिंग धरलाय, एवढंच आता शोधायचं. “मिक्सर एकदम गप्प झाला, आवाजच नाही” ही तक्रार वेगळी. तिथं मिस्त्री आधी मिक्सर उलटा करतो आणि बुडाचं लाल बटण दाबतो. ताण वाढला की मोटार वाचवण्यासाठी हे बटण आपोआप बाहेर येतं. कितीतरी मिक्सर त्या एका दाबण्यानं सुरू होतात आणि मावशी ओशाळून हसतात.

“पंखा फिरतो, पण वारा लागत नाही.” यात दोन शक्यता. हातानं ढकलल्यावरच पंखा सुरू होत असेल, तर कंडेन्सर उतरला. छताच्या पंख्याला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. त्याची क्षमता वर्षावर्षानं घटते आणि पंखा इतक्या हळूहळू मंदावतो की घरच्यांना ते जाणवतही नाही. शंभर रुपयांच्या आतला हा सुटा भाग बदलला की पंखा पुन्हा भिरभिरतो. पण पंखा फक्त संध्याकाळीच मंद असेल आणि पहाटे झकास फिरत असेल, तर कंडेन्सर बदलून उपयोग नाही. दोष लाईनीत आहे.

“फ्रिज टक करतो, जरा घूं करतो आणि गप्प बसतो.” कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो आहे, त्याला जमत नाही आणि संरक्षक कटआऊट त्याला दर वेळी तोडतो आहे. रिले गेलाय, कॉम्प्रेसर जाम झालाय किंवा व्होल्टेज पुरत नाही.

“इस्त्रीला हात लावला की मुंग्या येतात.” या तक्रारीला मात्र मिस्त्री हसत नाही. करंट बॉडीला आलाय आणि तो जमिनीत जायला वाट नाही, म्हणजे इस्त्री बिघडली आहे आणि घराची अर्थिंगही नाही. इस्त्री बदलून अर्धंच काम होतं. उद्या त्याच पॉइंटवर पाण्याचा रॉड लागणार आहे.

डोक्यावरून गेलेली वीज

या मुलखाचं विजेशी नातं विचित्र आहे. शेजारच्या कर्जत तालुक्यात, भिवपुरीला, टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२मध्ये सुरू झालं. त्याआधी १९१५मध्ये खोपोलीचं केंद्र चालू झालं होतं. घाटमाथ्याचं पाणी खाली पडायचं, वीज तयार व्हायची आणि उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि पुढं रेल्वेला जायची. तारा इथल्या डोंगर-शेतांवरून जात होत्या, पण खालच्या घरात रॉकेलची चिमणी होती.

१९४२च्या लढ्यात माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं नेमके हेच मनोरे हेरले. तारा वाहून नेणारे मनोरे पाडले की मुंबईची वीज तुटते आणि सरकारची यंत्रणा अडते, हे त्यांनी ओळखलं होतं. २ जानेवारी १९४३ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी तिथं हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६०मध्ये स्थापन झालं आणि पुढच्या दशकांत खेड्यांत खांब उभे राहिले. जून २००५मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आलं, तरी लोकांच्या बोलण्यात अजून ‘बोर्डाचा माणूस’च येतो. डोंगरालगतच्या ठाकर-कातकरी पाड्यांपर्यंत मीटर पोचायला आणखी वेळ लागला. २०१७च्या सौभाग्य योजनेतून देशभर राहिलेल्या घरांना जोडण्या दिल्या गेल्या, त्यात घरामागं एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट अशी बेताची मांडणी होती.

घर मात्र तेवढ्यावर थांबत नाही. आधी पंखा येतो, मग टीव्ही, मग लेकीच्या लग्नात द्यायचा म्हणून मिक्सर आणि थंडीत पाण्याचा रॉड. सगळं त्याच एका पॉइंटवर, एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडून. बारीक वायर आणि पिळून टेप मारलेला जोड या ओझ्यानं तापतो. जोड सैल असला की तिथंच व्होल्टेज पडतं आणि तिथंच उष्णता साठते. मग पंखा मंद झाला म्हणून दुकानात येतो, दुकानात उत्तम फिरतो आणि घरी गेला की पुन्हा मंद. दुसऱ्यांदा आल्यावर शहाणा मिस्त्री पंखा हातात घेत नाही, मोटरसायकल काढून घरी जातो.

लाईट बारीक

घराला २३० व्होल्ट मिळायला हवेत. डीपीपासून लांब, लाईनीच्या शेवटच्या टोकाला, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे आणि शेतावरचे पंप एकदम सुरू झाले की ते घसरतात. ‘लाईट बारीक झाली’ असं लोक म्हणतात. समजा १६० व्होल्ट मिळाले. आकड्यानं पाहिलं तर पुरवठा तीस टक्क्यांनी कमी झाला. यंत्राला मात्र त्याहून फार मोठा फटका बसतो, कारण मोटारीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १६० व्होल्टला ती निम्म्याहूनही कमी उरते. हजार वॉटची इस्त्री अशा वेळी पाचशे वॉटचंही काम करत नाही. इस्त्रीचं यात फार बिघडत नाही, कपड्याला वेळ लागतो एवढंच. मोटारीचं तसं नाही. ती सुरू होण्यासाठी धडपडते, अडली की नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तापते. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि विहिरीवरचा पंप यांची वाइंडिंग बहुधा अशीच जळते.

पंप उघडल्यावर जळलेली वाइंडिंगच बोलते. सगळ्या कॉईल सारख्याच काळवंडल्या असतील तर मोटारीनं बराच वेळ ताण सोसला आहे, कमी व्होल्टेजचा किंवा जास्त ओझ्याचा. फक्त सुरुवातीची, म्हणजे स्टार्टिंगची कॉईल काळी असेल तर ती वेळेवर सुटली नाही, म्हणून कंडेन्सर आणि स्विच तपासायचे. एका जागी ठिणगीचा डाग असेल तर तिथला मुलामा खरवडला गेला किंवा ओल शिरली. ही ओळख नसलेला माणूस नवी तार भरून देतो आणि महिन्यानं तीच मोटार तशीच जळून परत येते.

याच्या उलट प्रकार कमी वेळा घडतो, पण घडला तर वस्तीभर नासाडी करतो. डीपीवर तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. न्यूट्रलचा जोड गंजला, सैल झाला किंवा झाडाची फांदी पडून तुटला, की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरं नकळत एकामागं एक जोडली जातात आणि त्यांच्यात मिळून ४०० व्होल्टच्या आसपास दाब येतो. वाटणी न्याय्य नसते. ज्या घरात वापर जास्त तिथं व्होल्टेज पडतं, ज्या घरात नुसता एक दिवा आणि टीव्ही चालू तिथं ते उसळतं. दिवे आधी लख्ख होतात, मग पटापट जातात. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर टीव्ही, सेटटॉप बॉक्स, चार्जर आणि बल्ब यांची रांग लागते.

अशा वेळी मिस्त्री यंत्राच्या आतला बोर्ड उघडून विजेच्या तोंडाशी बसवलेली छोटी चकती आधी बघतो. ही चकती, म्हणजे व्हॅरिस्टर, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की स्वतः फुटून पुढचं वाचवायचा प्रयत्न करते. चकती फुटलेली आणि फ्यूज उडालेला म्हणजे जादा व्होल्टेजची खूण. कंडेन्सरची टोपी फुगलेली म्हणजे वय आणि उष्णता. चकती शाबूत असेल तर गिऱ्हाईक लाईनीला कितीही शिव्या देवो, दोष दुसरीकडं शोधावा लागतो.

ऋतूप्रमाणं बिघाड

दुरुस्तीच्या दुकानाला स्वतःचं पंचांग असतं. मार्च-एप्रिलपासून पंखे येऊ लागतात. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला वळवाच्या पावसाबरोबर वीज कडाडते आणि टीव्ही येऊ लागतात. नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेचा लोट बटणातली इवलीशी फट सहज ओलांडतो आणि छपरावरच्या टीव्हीच्या छत्रीच्या केबलनंही घरात शिरतो. पिन सॉकेटातून काढणं आणि केबल सोडवणं हाच खात्रीचा उपाय.

मग आषाढ-श्रावण. माळशेजच्या पायथ्याचा हा पट्टा धो धो पावसाचा. भिंती ओल धरतात, स्विचबोर्ड घामेजतो. कोरडी, उबदार जागा शोधत मुंग्या रेग्युलेटरात वस्ती करतात, झुरळं इंडक्शन शेगडीच्या पोटात शिरतात, पंपाच्या स्टार्टरात पाल दोन फेजच्या मध्ये सापडते आणि मोठा आवाज होऊन सगळं शांत होतं. शेगडी उघडल्यावर फ्यूज आणि पॉवरचा मोठा ट्रान्झिस्टर उडालेला दिसतो. तो बदलायच्या आधी बोर्ड ब्रशनं आणि स्पिरिटनं स्वच्छ धुतला नाही, तर झुरळाच्या घाणीतूनच करंट वाट काढतो आणि नवा भागही लगेच उडतो.

गणपतीत दिव्यांच्या माळा. दिवाळीच्या सुमारास भात झोडून घरात आलं की मागोमाग उंदीर येतात. फ्रिजच्या मागची वायर, वॉशिंग मशिनच्या खालच्या मोकळ्या बाजूनं आतलं हार्नेस, काहीच सुटत नाही. यंत्र एकाएकी मुकं झालं, धक्का नाही, वास नाही, की मिस्त्री आधी दात उमटलेली वायर शोधतो. थंडीत पाण्याचे रॉड. बादलीत पाणी नसताना चालू केला की रॉड क्षणात लाल होतो आणि तडकतो. तडकलेल्या रॉडनं पाणी तापतंही आणि त्या पाण्यात वीजही उतरते. म्हणून रॉड दुरुस्त करू नये, फेकून द्यावा, हे सांगणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचं खरं भलं करतो.

पिवळ्या बल्बची परीक्षा

मल्टिमीटर आता स्वस्त झाला आहे, पण जुन्या हातांचा विश्वास अजून सिरीज बल्बवर असतो. लाकडी फळीवर होल्डर, त्यात शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब आणि त्याच्या ओळीत एक सॉकेट. संशयित यंत्र त्या सॉकेटात लावायचं. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट. अजिबात पेटला नाही तर कुठंतरी तार तुटलेली. मंद पेटला तर यंत्रात जीव आहे. शॉर्ट झालेलं यंत्र थेट लाईनीला लावलं असतं तर फ्यूज उडाला असता. इथं बल्ब मधे उभा असतो आणि करंटला आवर घालतो. तरी डोकं वापरावंच लागतं. चांगली इस्त्रीसुद्धा या परीक्षेत बल्ब जवळजवळ पूर्ण पेटवते, कारण तिचा रोध मुळातच कमी. कुठल्या यंत्राला बल्ब किती पेटायला हवा हे डोळ्यांत बसायला वर्षं जातात. एलईडी आल्यापासून हा पिवळा बल्ब सहज मिळेनासा झाला आणि दुरुस्तीवाले शिल्लक बल्ब जपून ठेवतात.

कॉम्प्रेसरची परीक्षा मीटरनं होते. त्याच्या तीन पिना: कॉमन, स्टार्ट आणि रन. दोन-दोन पिनांमधला रोध मोजायचा. सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका आला तर वाइंडिंग धड आहे. मग एक पिन आणि बॉडी यांच्यात मोजायचं. तिथं काहीच लागायला नको. ही परीक्षा न करता ‘गॅस गेलाय’ म्हणून सांगणारे मिस्त्रीही असतात. गॅस बंद नळीतून फिरतो. नळीला भोक पडल्याशिवाय तो जात नाही, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जातो. गिऱ्हाइकानं एवढं विचारलं तरी पुरे: “गळती कुठं सापडली ते दाखवा.”

दुरुस्तीतून नवं यंत्रही जन्मतं. मुंबईत सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपलं वाटण वाटताना जळाला. दोष कारागिरीत नव्हता. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ आणि सुकी मिरची वाटायचं काम त्या मोटारीला कुणी सांगितलंच नव्हतं. माथुरांनी भारतीय स्वयंपाकघराचा ताण पेलणारी मोटार बसवून मिक्सर तयार केला आणि १९६३मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. पुढं कितीतरी वर्षं मराठी घरात मिक्सर म्हणजे सुमीत होता. जळलेल्या मोटारीला ‘का?’ असं विचारलं की उत्तर किती लांब जातं, याचं हे उदाहरण.

बंद डब्यातलं यंत्र

रेडिओपासून मोजलं तर या धंद्याच्या तीन-चार पिढ्या झाल्या. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. ऑक्टोबर १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि रेडिओवाल्यांनी टीव्हीचं काम शिकून घेतलं. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही अवघड होता, धोकादायकही होता, पण त्याचा प्रत्येक भाग वेगळा ओळखता येई आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळे. सपाट टीव्ही आला आणि पॅनेल फुटलं की दुरुस्तीचा प्रश्नच मिटला.

आता तीच वेळ पंख्यावर आली आहे. १ जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आणि बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटारीच्या) पंख्यांचा जोर वाढला. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, हा तीसच्या आसपास. आणि लाईट बारीक असली तरी त्याचा वेग बहुधा पडत नाही, कारण आतलं सर्किट कमी-जास्त व्होल्टेज सांभाळून घेतं. इन्व्हर्टर फ्रिजचंही तसंच. म्हणजे म्हशासारख्या गावाच्या वीजपुरवठ्याला ही नवी यंत्रं जुन्यापेक्षा जास्त मानवतात. बिघडेपर्यंत. बिघडली की आतला बोर्ड सापडत नाही, सापडला तर दुसऱ्या कंपनीचा बसत नाही, आणि काही ठिकाणी तो पावसापासून वाचवण्यासाठी राळेत असा बुडवलेला असतो की एकेक भाग तपासायची सोयच उरत नाही. मिस्त्रीकडं मग एकच उत्तर राहतं: “आख्खा बोर्ड बदलावा लागेल.” पंख्याच्या किमतीशी त्या बोर्डाची तुलना करून गिऱ्हाईक नवा पंखा घेतं.

एलईडी बल्बचं मात्र खेड्यांनी वेगळंच करून दाखवलं. जानेवारी २०१५मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. बल्ब गेला की बहुधा आतल्या ओळीतला एकच दाणा मेलेला असतो, त्यावर काळा ठिपका दिसतो. ओळ तुटली की सगळा बल्ब विझतो. शाळकरी पोरंसुद्धा त्या दाण्याच्या दोन टोकांना कथिलाचा थेंब लावून बल्ब पेटवतात. बाकीच्या दाण्यांवर थोडा ताण वाढतो आणि फार दाणे असे जोडले की बल्ब लवकर जातो. तरी मध्ये वर्ष-सहा महिने मिळतातच.

काही यंत्रांना गावच्या मिस्त्रीनंही हात लावू नये. मायक्रोवेव्हमधला कंडेन्सर पिन काढल्यावरही हजारो व्होल्टचा साठा धरून ठेवू शकतो. नव्या फ्रिजमधला आर-६०० ए हा गॅस जळणारा असतो. त्याच्या नळीला पेटती टॉर्च लावायच्या आधी गॅस पूर्ण काढून खोली मोकळी करावी लागते. जुन्या गॅसवर हात बसलेल्या कारागिराला हे कुणीतरी शिकवायला हवं.

उघडण्याचा हक्क

जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती यंत्रं आणि वाहनं या चार क्षेत्रांतल्या कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील तिथं द्यावा, अशी कल्पना आहे. फ्रान्सनं २०२१पासून काही वस्तूंवर दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं: यंत्र उघडायला किती सोपं, भाग मिळतात का, त्यांची किंमत किती, कागदपत्रं उपलब्ध आहेत का. आपल्याकडंही मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी असा दुरुस्ती-निर्देशांक ठरवण्याचं काम हाती घेतलं गेलं.

म्हशाच्या दृष्टीनं यातली एकच गोष्ट तातडीची आहे: सुटा बोर्ड आणि त्याचा नकाशा कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेरच्या माणसालाही विकत मिळणं. अधिकृत केंद्र असतं कल्याणला किंवा त्याही पुढं. पन्नास किलोचा फ्रिज टेम्पोत घालून तिथं नेण्याचं भाडं दुरुस्तीच्या खर्चात कुणी धरत नाही. केंद्राचा माणूस गावात आला तरी त्याला यंत्राचा मॉडेल नंबर माहीत असतो, डीपी माहीत नसते. वॉरंटीत बोर्ड बदलून तो जातो आणि न्यूट्रलचा सैल जोड तसाच राहतो.

हात कसा बसतो

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि फ्रिज-एसी मेकॅनिक असे रीतसर अभ्यासक्रम आहेत. तरीही गावोगावचे मिस्त्री बरेचदा दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली घडलेले असतात: आधी स्क्रू धरायचे, मग सोल्डरिंग, मग वाइंडिंग, आणि सगळ्यात शेवटी निदान. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा आग्रह होता की हातानं काम करत शिकणं हे शाळेतलंच शिक्षण आहे. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलं-मुली शेती, वायरिंग, वेल्डिंग, अन्नप्रक्रिया अशी गावाला लागणारी कामं प्रत्यक्ष करतात आणि त्यांतून विज्ञान शिकतात. या मुलखातल्या शाळा-आश्रमशाळांत असा एक तास जरी असला, तरी सैल जोड का तापतो आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा का घालतात हे प्रत्येक घरात एकाला तरी ठाऊक होईल. बरेचसे बिघाड दुकानात येण्याआधीच थांबतील.

वहीतला हिशेब

दुरुस्तीच्या दुकानात एक वही असते: तारीख, नाव, गाव किंवा पाडा, वस्तू, काय गेलं, किती घेतले. मिस्त्रीला ती उधारीसाठी लागते. पण ती तारखेनं आणि वस्तीनं लावून वाचली तर वेगळंच दिसेल. एकाच दिवशी एकाच पाड्यावरचे पाच बोर्ड, पाचही ठिकाणी चकती फुटलेली. हे पाच बिघाड नाहीत, एका डीपीवरचा एक बिघाड आहे. उन्हाळ्यात एकाच लाईनीच्या टोकाकडचे सहा पंप, सगळ्यांची वाइंडिंग सारखी काळी. तिथं लाईन अपुरी आहे.

आज पाच घरं पाच वेगळी बिलं भरतात, प्रत्येकाला वाटतं आपलंच यंत्र खराब निघालं, आणि ज्या जोडामुळं हे घडलं त्याचं नावही कुठल्या कागदावर येत नाही. महावितरणकडं एकट्यानं तक्रार केली की ‘तुमच्या घरातली वायरिंग बघा’ असं उत्तर मिळू शकतं, आणि कधी ते खरंही असतं. पाच जणांच्या यंत्रांवर एकाच तारखेची एकच खूण दाखवली तर तसं म्हणता येणार नाही. २०२०च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी चांगल्या पुरवठ्यावरचा ग्राहकाचा हक्क कागदावर मान्य केला आहे. त्या हक्काला लागणारा पुरावा गावातल्याच एका वहीत दर आठवड्याला लिहिला जातो.

मिस्त्रीनं गिऱ्हाइकाच्या पावतीवर ‘बोर्ड बदलला’ एवढ्यावर न थांबता ‘जादा व्होल्टेजनं जळला’, ‘कमी व्होल्टेजनं जळला’, ‘उंदीर’, ‘ओल’, ‘वयोमानानं’ असं थोडक्यात कारण लिहावं. ग्रामपंचायतीनं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्या नोंदी डीपीनुसार मांडून लाईनमनसमोर ठेवाव्यात. याला ना अनुदान लागतं, ना नवी योजना. मुंबईची वीज शंभर वर्षं या डोंगरांवरून जाते आहे. इथल्या घरात येणारी वीज कशी आहे, हे मोजणारा माणूस मात्र आजही सोल्डरिंगचा धूर खात टेबलाशी बसलेला मिस्त्रीच आहे. त्याचं मोजमाप वीज बोर्डाच्या दप्तरात जायला सुरुवात झाली, तर बरीच यंत्रं दुरुस्तीला यावीच लागणार नाहीत. मिस्त्रीचा धंदा त्यानं बुडणार नाही. वयोमानानं थकणारे पंखे आणि लाल बटण विसरणाऱ्या मावशी त्याला पुरेशा आहेत.